मराठी पानावरचा नंबर

“रेणू तं पुण्यालेच हाये,” बाबा दारात उभे राहून म्हणाले, तेव्हा रेणू आतल्या खोलीत भिंतीला पाठ टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली होती. मधे एक पडदा होता, तोही धुवायला काढायचा म्हणून आईने अर्धा सोडवून ठेवलेला. बाहेर लहानूकाका होते, पोलाद कारखान्यातल्या ब्लास्ट फर्नेसवर बाबांबरोबर उभी हयात काढलेले. धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला ते कुरुदहून स्कूटर दामटत बोरसीला आले होते, आणि चपला सरकवता सरकवता, निघताना काहीतरी बोलायचं म्हणून, त्यांनी विचारलं होतं की पोट्टी कुठं असते आता. बाबांनी उत्तर दिलं, लहानूकाका “बरं हाये, बरं हाये” म्हणाले, आणि त्यांची स्कूटर खोकत खोकत गल्लीबाहेर गेली. ती त्यांनी लावली होती रेणूच्याच स्कूटरला टेकवून. एवढंच झालं. ज्याला घटना म्हणावं असं काही नाही. पण रेणूची बोटं थांबली ती थांबलीच. खोटं बोलायचं तर माणूस क्षणभर अडखळतो, निदान घसा तरी खाकरतो. बाबा, म्हणजे पंजाबराव, अडखळले नव्हते. उत्तर जिभेवर तयार होतं आणि प्रश्न येताच त्यांनी ते पुढे केलं. दोन वर्षं ती याच घरात राहत होती, याच नळाखाली डबा घासत होती, सकाळच्या पेपरचं पहिलं पान बाबांच्या आधी वाचते म्हणून त्यांची बोलणी खात होती. तिला आधी हसू आलं, आणि ते हसू पुरतं संपायच्या आत छातीत काहीतरी टोचलं.

समोर वेगळाच घोळ चालला होता. दुर्गमधल्या एका डोळ्यांच्या इस्पितळासाठी ती ॲप बनवत होती. म्हाताऱ्या माणसांनी नंबर लावून दिवसभर बाकावर ताटकळत बसू नये, बाहेर झाडाखाली बसावं, चहा प्यावा आणि आत कितवा नंबर चालू आहे ते मोबाईलवर पाहत राहावं, असं ते साधं ॲप. चालू नंबराचा आकडा आधी निळा होता. मोतीबिंदू झालेल्याला निळा काय दिसणार, म्हणून तिने तो काळा आणि मोठा केला होता. पण तपासायला घेतलेल्या बाबांच्या मोबाईलवर अजून निळाच. तिने पुन्हा बदल पाठवला, पुन्हा पाहिलं, निळाच. आणि मग तिला कळलं, आणि स्वतःचीच कीव आली, कारण ही चूक शिकाऊ पोरं करतात. सर्व्हरची साठवण चालूच राहिली होती. कॅशे म्हणतात तिला. एकदा बनवलेलं पान सर्व्हर जवळ जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येकाला तेच काढून देतो, नव्याने बनवत बसत नाही. आईच्या थर्मासातल्या चहासारखंच ते. पाहुणा आला की कप लगेच हातात, घरची वाखाणणी होते. फक्त तो चहा केव्हाचा, हे आईलाच ठाऊक. रेणूने सेटिंगमध्ये जाऊन साठवण बंद केली. बाबांच्या मोबाईलवर पान उघडायला आता वेळ लागला, पांढरं वर्तुळ गरगरत राहिलं, आणि मग काळा आकडा उमटला. बाहेर बाबा फाटकाची कडी लावत होते. रेणूला वाटलं, कडीचा आवाज इतका मोठा कधीपासून झाला.

तिने त्यांना विचारलं नाही. विचारायचं तरी काय. या गावात ते उत्तर कसं तयार होतं हे तिला आतून माहीत होतं. पंजाबराव भंडाऱ्याकडच्या भातशेतीतून उठून इथे हिंदी मुलखात आले, फर्नेसवर लागले, सेक्टर ६ मधलं कारखान्याचं क्वार्टर मिळालं, आणि त्या सडकेवर प्रत्येक घरात एकच पीक घेतलं जायचं, बाहेर जाणाऱ्या मुलांचं. कोणाचा हैदराबादला, कोणाची बंगलोरला, एखादा सरळ अमेरिकेत. जो गेला त्याचं नाव सडकेवर चालत राहायचं. जो राहिला त्याचा विषय कोणी काढत नसे, आणि जो गेला आणि परत आला त्याच्याबद्दल लोक आवाज उतरवून बोलत, घरात आजारी माणूस असल्यासारखे. रेणू पुण्याला लागली त्या दिवशी बाबांनी, निवृत्त होऊन बोरसीला यायच्या आधीच्या त्या क्वार्टरच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, आणि सगळ्या सडकेला पेढे वाटताना “पुण्याले, पुण्याले” असं दोनदा म्हणत होते, एकदा म्हटलेलं कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने. ते उत्तर तेव्हा ताजं होतं आणि खरंही होतं.

आणि त्याच्याही मागे, फार मागे, विश्वकर्मा पूजेचा दिवस होता. त्या दिवशी प्लांट घरच्यांना पाहायला खुला असायचा. आईने तिला नवा फ्रॉक घातला होता, बाबांनी स्वतःचं हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं होतं आणि ते नाकापर्यंत खाली येत होतं, म्हणून ती मान मागे टाकून चालत होती. फर्नेसच्या बाजूचे, हवा तापवणारे उंच स्टोव्ह दाखवून बाबा म्हणाले होते, याच्यात नुसत्या विटा असतात, आणि त्या विटांत धग धरून ठेवलेली असते. तिला विटांचं काही वाटलं नाही. तिला आठवत होता तो बाबांचा हात, मानेमागे ठेवलेला, खरखरीत, आणि भेटेल त्या माणसापुढे तिला थोडं पुढे ढकलणारा. “हे माही पोट्टी.” मोठ्या साहेबाला, क्रेनवाल्याला, प्रसादाच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही. कोणी विचारलेलंसुद्धा नसायचं. तो हात आठवला की अजूनही तिची मान ताठ व्हायची. आता तोच माणूस पडद्यापलीकडून तिला शेकडो मैल लांब पाठवून देत होता, आणि तेही इतक्या सहज.

परत येताना तिने कोणाला फार समजावलं नव्हतं. पुण्यात तिच्या वाट्याला एका अवाढव्य कामाचा कोपरा आला होता. वर्षानुवर्षं तोच कोपरा झाडायचा, इमारत कोणाची, वर काय चाललंय, पत्ता नाही. तिला पायापासून कळसापर्यंत स्वतःचं असं काहीतरी उभं करायचं होतं, मग ते टपरीएवढं का असेना. स्टेशनवरून आलेल्या ऑटोतून बाबांनी तिची बॅग उतरवली आणि “बरं केलं” एवढंच म्हणाले. त्या “बरं केलं”च्या आत त्यांनी काय ठेवलं होतं ते तिने तेव्हा उघडून पाहिलं नाही. सेक्टर ६ च्या मार्केटमध्ये झेरॉक्सच्या दुकानामागची खोली घेतली, कमलेश नावाचा दुर्गचाच एक हुशार मुलगा बरोबरीने आला, आणि दोघांनी कंपनी काढली. कंपनी म्हणजे दोन टेबलं, एक पंखा आणि पंख्याची उरलेली इच्छाशक्ती. पण ती खोली उघडताना रेणूला रोज जे वाटायचं ते पुण्याच्या काचेच्या इमारतीत एकदाही वाटलं नव्हतं. तिला ताठा चढायचा. ती तो लपवतही नसे.

साठवण बंद ठेवून काम सुरू झालं तसं ॲप मंदावलं, आणि हे व्हायचंच होतं. बनवत असताना प्रत्येक बदल लगेच दिसायला हवा, म्हणून प्रत्येक पान दर वेळी नव्याने शिजवायचं, मग उशीर होणारच. पण इस्पितळाचा मॅनेजर एकदा पाहायला आला आणि त्याचं तोंड आंबट झालं. “बहुत धीरे है मैडम,” तो म्हणाला, आणि कमलेशचा चेहरा पडला. मॅनेजर गेल्यावर कमलेश म्हणाला, दीदी, सगळंच साठवून टाकू, काही मिनिटं तेच पान देऊ, एकदम पळेल. रेणू म्हणाली, पळेल, पण खोटं पळेल. आत डॉक्टर पुढचा माणूस तपासत असेल आणि बाहेर झाडाखालच्या म्हाताऱ्याला आपला नंबर अजून लांब आहे असं दिसत राहील. कमलेश म्हणाला, मग न साठवता चालवू. तीही पंचाईत होती, कारण शेकडो मोबाईल दर क्षणी विचारू लागले तर सर्व्हरची छाती फुटेल. त्या दिवशी काही न ठरताच दोघांनी खोलीला कुलूप लावलं. आणि स्कूटरवरून बोरसीला येताना, रेल्वे फाटकापाशी थांबलेली असताना, तिला ते सापडलं. सगळ्यालाच एक नियम कशाला हवा. डॉक्टरांचे फोटो, वेळा, नकाशा, हे बदलत नाही, ते खुशाल दिवसभर साठवा. चालू नंबरही साठवा, पण नर्सने पुढच्या नंबराचं बटण दाबलं की त्याच क्षणी जुनं पान फेकून द्या. म्हणजे उत्तर तयारही असेल आणि शिळंही नसेल. मालगाडी जात राहिली आणि रेणू हेल्मेटच्या आत एकटीच हसत राहिली. पुण्यात हे तिने कोणाला दाखवलं असतं तर कोणी मान डोलावली असती आणि पुढच्या मीटिंगला गेलं असतं. इथे ते सगळंच्या सगळं तिचं होतं. घरी येऊन बाबांना सांगावं असं फार वाटलं. बाबा टीव्ही पाहत होते. “काम झालं वाटते,” तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते म्हणाले. “झालं,” ती म्हणाली, आणि त्या पडद्याकडे पाहत आत गेली. पडदा धुऊन परत लागला होता.

सगळ्यात शेवटी तिने एक गोष्ट केली जी कोणी मागितली नव्हती. ॲप हिंदीत होतं, तेवढं पुरेसं होतं. पण बाबांची पिढी इथे जन्म काढूनही दुखणं मराठीतच सांगते, डॉक्टरपुढे “डोळ्यात खुपते” म्हणते आणि मग त्याला हिंदी शोधत बसते. म्हणून तिने मराठीचं वेगळं पान जोडलं. “आत चालू असलेला नंबर”, “तुमच्या पुढे इतकी माणसं”, असं साधं, ठसठशीत. ते ती बाबांच्याच मोबाईलवर तपासत असे, आणि घरी तपासणीच्या सर्व्हरवर साठवण बंद असल्यामुळे ते नेहमी ताजंच दिसे. बाबांना तिने एवढंच सांगितलं की तुम्हाला डोळे दाखवायचेत ना, तिथे हे चालणार आहे. बाबांनी मोबाईल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. “मराठीत हाये,” ते म्हणाले. आणि पुन्हा, थोड्या वेळाने, आईला, “अन्नपूर्णा, पाह्य, मराठीत हाये.”

पहिल्या दिवशी सकाळी इस्पितळात गर्दी बरी होती. रेणू नर्सच्या काउंटरपाशी कमलेशबरोबर उभी होती. बटण दाबलं जात होतं, लोकांच्या हातातले आकडे सरकत होते, बाहेर चहावाल्याकडे बसलेली एक बाई मोबाईल पाहून कप टाकून धावत आत आली तेव्हा कमलेशने रेणूला कोपराने ढोसलं. पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडत होतं. मॅनेजर येऊन “अब ठीक है” म्हणून गेला. रेणूला वाटलं की आत्ता मान मागे टाकून चालावं. तेवढ्यात नर्सने एक नंबर पुकारला, पुन्हा पुकारला, कोणी आलं नाही. तिने पुढचा घेतला. तोही माणूस आला नाही. रेणूने हॉलभर नजर फिरवली, आणि खांबाजवळच्या रांगेत तिला दोन ओळखीच्या पाठी दिसल्या. एक बाबांची. एक लहानूकाकांची.

ती खांबामागे गेली. पाय आपसूकच गेले, आणि मग तिला त्याचा अर्थ कळला. लहानूकाकांच्या लेखी ती पुण्यात होती. ती आत्ता पुढे गेली तर बाबा चारचौघांत खोटे पडणार होते, आणि तेही ज्याच्याबरोबर त्यांनी आयुष्यभर धग खाल्ली त्या माणसापुढे. बाबांचा आवाज तिला ऐकू येत होता. “आवाजाच्या मांगं कावून लागता, लहानूभाऊ? मोबाईल पाहा ना. आपला नंबर लय लांब हाये. हे चुकत नाही.” लहानूकाका म्हणाले, “पन ते बाई काहीतरी ओरडून राहिली.” फर्नेसने त्यांचे कान कधीच अर्धे नेले होते. “ओरडू द्या,” बाबा म्हणाले. “लय डोकं लावून बनवलं हाये हे. मराठीत बी हाये, पाहा. कोण करते एवढं?” आणि त्यांनी तो मोबाईल असा धरला होता की पलीकडच्या खुर्चीवरच्या बाईलाही दिसावा. हा माणूस तिचं नाव न घेता तिची पाठ थोपटत होता, चोरून, आणि नेमका त्याच क्षणी तिच्या भरवशावर बुडत होता. कारण काय झालं असणार ते खांबामागे उभ्या उभ्या तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. बटण दाबल्यावर फेकलं जात होतं ते हिंदीचं पान. मराठीचं पान तिने शेवटी मायेने जोडलं, आणि ते फेकायला सांगायचं राहून गेलं. घरी साठवणच नव्हती, मग शिळं काय दिसणार होतं. शेकडो मोबाईल बरोबर आकडा दाखवत होते, आणि सगळ्या हॉलमध्ये फक्त तिच्या बापाच्या आणि त्याच्या दोस्ताच्या हातात सकाळचा जुना आकडा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा नसणार.

ती कमलेशला पाठवू शकली असती. मागच्या दाराने गाडीवर बसून सेक्टर ६ ला जाऊन तिथून दुरुस्त करू शकली असती, बाबांचं पुणं शाबूत राहिलं असतं. हे सगळं तिला सुचलं आणि सुचल्याची लाज वाटली. चूक तिची होती, काम तिचं होतं, आणि बापही तिचाच होता. ती आधी काउंटरवर गेली आणि म्हणाली, “सिस्टर, ये दो अंकल का नंबर मेरी गलती से छूटा है, इनको ले लीजिए.” मग सरळ त्या रांगेत जाऊन बाबांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली आणि लॅपटॉप उघडला.

“अरे,” लहानूकाका वाकून पाहत म्हणाले, “हे तं रेणू दिसते. पुण्याहून कवा आली व बाई?”

कालच, असं तिच्या ओठावर आलं. तिच्याकडेही तयार उत्तरांचा साठा होता, बापाचीच पोरगी ती. म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. तिने ओठ मिटले आणि बाबांकडे पाहिलं. त्यांनी मोबाईल मांडीवर उलटा ठेवला. घसा खाकरला. नर्सने कोणाला तरी हाक मारली, कोणाचं तरी मूल रडलं, पंखा फिरत राहिला, आणि पंजाबराव शोधत होते, जे जवळ ठेवलेलं नव्हतं असं काहीतरी, खूप आतून. हा असा खोळंबा संपवणं हेच रेणूचं काम. त्याच्यावर तिचं पोट होतं, त्याच्यावर तिचा ताठा होता. पण आत्ता तो लवकर संपू नये असं तिला वाटलं. घ्या बाबा, वेळ घ्या. पडद्यामागे ऐकल्यापासून जे टोचत होतं ते या शांततेत हळूहळू सैल होत गेलं, उत्तर यायच्या आधीच.

“पुण्याहून नाही,” बाबा शेवटी म्हणाले. “दोन वर्सं झाले. इथंच हाये, माह्याजवळ. मीच सांगत नव्हतो लोकाइले.” मग थांबले, आणि मोबाईल पुन्हा सुलटा केला. “हे पाहून राहिले ना तुमी, हे तिनंच बनवलं.”

लहानूकाकांनी मोबाईलकडे पाहिलं, मग रेणूकडे, मग पुन्हा मोबाईलकडे. “पन हे तं अटकून राहिलं ना?”

“अटकलं,” बाबा म्हणाले. “तिनं बनवलं तं तेच काढंल. फर्नेस का कधी अटकली नाही आपली?”

लहानूकाका हसले, आणि त्यांना हसताना पाहून बाबाही. रेणूचे डोळे भरले होते आणि अक्षरं नीट दिसत नव्हती, तरी बोटं चालत होती. एक ओळ, मराठीच्या पानाचीही, फेकायच्या यादीत. मग सगळं जुनं एकदम काढून टाकलं. नर्सने पंजाबरावांचं आणि लहानूकाकांचं नाव पुकारलं, आणि लहानूकाका “आलो, आलो” करत उठले. बाबा उठले नाहीत. त्यांच्या हातातल्या मोबाईलवर पांढरं वर्तुळ फिरलं आणि काळा, मोठा, खरा आकडा उमटला. “बाबा, पाहा, आलं,” रेणू म्हणाली. पण बाबा मोबाईलकडे पाहत नव्हते. त्यांचा खरखरीत हात तिच्या मानेमागे येऊन बसला होता, आणि ते पलीकडच्या खुर्चीवरच्या बाईला, जिने काहीच विचारलेलं नव्हतं, अर्धं तिच्या बोलीत अर्धं आपल्या, सांगत होते, “मोर बेटी आय. इथंच राहते.”